दोन नळांचे सिंक

घर पाहायला आलेल्या पाचव्या कुटुंबातील आजी बैठकीत बसल्याच नाहीत. त्यांचा मुलगा आणि सून माझ्या पतींशी क्षेत्रफळ, गाडी लावण्याची जागा आणि अपेक्षित किंमत यांविषयी बोलत होते, तेवढ्यात त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेले. नवे काळे ग्रॅनाइट, हस्तिदंती रंगाच्या ट्रॉल्या आणि चकचकीत चिमणी यांवर एक नजर टाकून त्यांनी सिंकवरचा डावीकडचा नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली, मग उजवीकडचा नळ सोडून पुन्हा तेच केले. "हे बोअरचं, अन् हे नळाचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "नळाला कितव्या दिवशी येतं बाई?" मी सांगितले. "हौद केवढाय?" तेही सांगितले. त्यानंतर त्यांनी खाली वाकून सिंकखालचे दार उघडले, आतल्या तळावर हात फिरवला आणि बोटे नाकाशी नेऊन ओलीचा वास येतो का ते पाहिले. पाच आठवडे घर धुळीत घालून आणि ३ लाख ८५ हजार रुपये खर्चून सजवलेल्या त्या स्वयंपाकघराची एवढीच परीक्षा झाली.

आमचे घर छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एक जुने रो-हाऊस. १९९१ साली, शहराचे नाव औरंगाबाद असताना, आम्ही ते दुसऱ्या मालकाकडून घेतले होते. गुडघ्यांना जिना झेपेनासा झाला, मुलगा पुण्यात स्थिरावला, तेव्हा ते विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचे ठरले. चार महिने घर बाजारात होते. पाहायला येणारे येत, अंगणातल्या कडुनिंबाचे कौतुक करत, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "हं" म्हणत आणि पुन्हा फोन करत नसत. एजंटाने ६२ लाखांचा एक देकार आणला होता, तोही रेंगाळला. अखेरीस मुलगा म्हणाला, "आई, हल्ली किचन बघूनच घर विकलं जातं. ते आधी करून घ्या, बाकी मग पाहू."

माझा त्याला विरोध होता आणि त्याला कारण होते. निवृत्तीपूर्वी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी अकरा वर्षे काढली आहेत. त्या काळात घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरचे शेकडो अहवाल माझ्या हाताखालून गेले. स्वतंत्र घर असेल तर अहवालाची रीत ठरलेली असते: आधी जमिनीचे क्षेत्रफळ आणि त्या वस्तीतला दर, मग बांधकामाचे क्षेत्रफळ आणि आज तसे बांधायला लागणारा खर्च, आणि त्यातून इमारतीच्या वयानुसार वजा होणारा घसारा. या सगळ्यात स्वयंपाकघराच्या वाट्याला तपशिलाच्या तक्त्यातली अर्धी ओळ येते: "ओटा – ग्रॅनाइट; सिंक – स्टेनलेस स्टील". ट्रॉल्या कोणत्या कंपनीच्या आहेत, त्यांच्या बिजागऱ्या अलगद मिटतात की धाडकन, हे त्या तक्त्यात लिहायला जागाच नसते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही तेच. मुद्रांक शुल्क आकारताना खरेदीखतातली किंमत आणि रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारी किंमत यांपैकी जी जास्त ती धरतात, आणि रेडी रेकनर विभाग, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि त्याचे वय एवढेच विचारतो. काही जण फर्निचरचा आणि स्वयंपाकघराचा वेगळा कागद करून किंमत दोन तुकड्यांत विभागतात. पण त्या दुसऱ्या कागदावर बँक घरकर्ज देत नाही, आणि घेणारा जर कर्जावर घर घेत असेल, तर ती रक्कम त्याला स्वतःच्या खिशातून उभी करावी लागते. अशा वेळी तो पहिला हात ट्रॉल्यांच्या किमतीलाच घालतो, हे मी टेबलाच्या अलीकडून अनेकदा पाहिले होते.

तेव्हा कागदावर स्वयंपाकघराला किंमत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही चार महिन्यांच्या त्या "हं"पुढे माझे चालले नाही.

जुना ओटा कडप्पाचा होता. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांना उभ्याने स्वयंपाक करण्याची सवय नव्हती; पैठण तालुक्यातल्या घरी त्यांचा सगळा जन्म चुलीपुढे पाटावर गेला होता. म्हणून यांनी ओट्याला लागूनच जमिनीपासून वीतभर उंचीवर आणखी एक कडप्पाची फरशी बसवून घेतली होती. तीवर काटवट ठेवून त्या भाकरी थापत आणि थापलेली भाकरी वर माझ्या हातात देत. मी ती तव्यावर टाकत असे. सव्वीस वर्षांत त्या फरशीची एक कड तळहातांनी आणि पदराने घासून गुळगुळीत झाली होती. मॉड्यूलर किचनचा आराखडा घेऊन आलेल्या तरुणाने तिच्याकडे पाहून "हे काय आहे, काकू?" असे विचारले आणि पहिल्या दिवशी पहिला हातोडा तिच्याच बाजूला पडला. फरशी सुटून अख्खी निघाली. मी ती फेकू दिली नाही. परसात, हौदाच्या झाकणाशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. तिचे काय करायचे हे मलाही माहीत नव्हते.

मुलाला बैठक आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडून एकसलग जागा हवी होती. गवंडी औसा तालुक्यातले, साठीच्या आसपासचे. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली, वर स्लॅबकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ही नऊ इंची हाय. वरचं वझं हिच्यावरच बसलंय. हिला मी हात लावणार न्हाई, दुसरा मिस्त्री बघा." मुलगा थोडा हट्टाला पेटला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "किल्लारीच्या वेळंला मी तिकडंच होतो." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. आमची भिंत विटांची होती आणि प्रश्न निराळा होता, हे खरे. पण जुन्या सिडकोच्या घरांत खांब-तुळयांचा सांगाडा नसून भार भिंतींवरच असतो, तेव्हा स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय अशी भिंत काढणे म्हणजे विकायच्या घरालाच खिंडार पाडणे होय. भिंत राहिली. तिच्यात एक खिडकीवजा झरोका तेवढा ठेवावा, ही सूचनाही त्यांनी मान हलवून मोडीत काढली.

खरे काम टाइल्स निघाल्यावर दिसले. सिंकमागच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत लोणा चढलेला होता. बोट लावले की पांढरी भुकटी हाताला येई. आतली जस्ताचा मुलामा असलेली पाइपलाइन बोअरच्या क्षारांनी इतकी भरली होती, की प्लंबरने कापून दाखवलेल्या तुकड्यातून पेन्सिलही गेली नसती. चार महिने लोक दारात उभे राहून "हं" का म्हणत होते, याचा उलगडा मला तेव्हा झाला: त्यांना पाइप दिसत नव्हता, पण कोपऱ्यातला कुबट वास सगळ्यांना येत होता आणि आमच्या नाकाला तो कधीच कळेनासा झाला होता. सगळी पाइपलाइन सीपीव्हीसी या प्लास्टिकची केली, भिंतीचे प्लास्टर विटांपर्यंत खरवडून काढले, ओल अडवणारा थर दिला, मोरीचा उतार नव्याने काढला. एकूण ३ लाख ८५ हजारांपैकी यावर ६० हजार गेले. ट्रॉल्या, शटर आणि वरच्या कपाटांवर २ लाख १० हजार, ग्रॅनाइट आणि टाइल्सवर ७० हजार, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि चिमणीवर ४५ हजार. नातेवाइकांना आम्ही नवे स्वयंपाकघर दाखवले, तेव्हा कौतुक या शेवटच्या तीन रकमांचेच झाले. साठ हजारांची रक्कम भिंतीत गडप झाली होती.

नळांवरूनही वाद झाला. त्या तरुणाच्या आराखड्यात हंसाच्या मानेसारखा एकच उंच मिक्सर नळ होता. प्लंबरने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, दोन लाइनी एका नळात आणल्या तर खारं आन् गोडं एक होईल, परत दोन वर्षांत ह्याचं नरडं भरतंय." पैठणचे जायकवाडी धरण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, तरीही नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि मधल्या काळात भांडी-धुणे बोअरवर चालते, हे संभाजीनगरमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नकाशा मात्र असा काढला होता, की जणू नळाला चोवीस तास पाणी आहे. आम्ही दोन साधे नळ लावले. ते लावताना आराखडेवाल्या तरुणाने चेहरा असा केला, जणू पैठणीला गोणपाटाचे ठिगळ लावत होतो.

आणखी एक जागा मी हट्टाने राखली. वर्षाची ज्वारी आणि तूर आमच्याकडे अजूनही गावाकडून येते. पत्र्याची कोठी ठेवायची तर तिला भिंतीलगत दोन फूट रुंद, मोकळी, कोरडी जागा हवी. आराखड्यात तिथे मायक्रोवेव्हचे उभे कपाट होते. आजच्या मॉड्यूलर किचनचे मूळ शोधत गेले तर ते जर्मनीत सापडते: मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी आगगाडीच्या खानपान डब्यावरून स्फूर्ती घेऊन एक अरुंद, सुटसुटीत स्वयंपाकघर रचले होते. त्यात तांदूळ, साखर, पीठ यांसाठी ॲल्युमिनियमचे ओढून काढायचे छोटे डबे होते. शेरभर साखरेला ते उत्तम. पोतेभर ज्वारीचा विचार तिथे कुणी करण्याचे कारण नव्हते, आणि आपल्याकडे तो आराखडा आणताना करायला हवा होता. मायक्रोवेव्ह दुसरीकडे गेला, कोठी राहिली.

प्लायवूडबाबत मात्र मी बँकेतल्या सवयीने काटकसर केली आणि ती चुकली नाही. सिंकखाली आणि पाण्याच्या बाजूला आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय घेतले, बाकी ठिकाणी साधे ओलरोधक. पार्टिकल बोर्ड कुठेच घेतले नाही, कारण तो एकदा पाणी प्याला की पापडासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. काळ्या मातीवरच्या घरात वाळवी ही पाहुणी नसून भाडेकरूच असते, म्हणून खालच्या चौकटी स्टीलच्या पायांवर उचलून घेतल्या.

आता लोक येऊ लागले. वास गेला होता, तेव्हा "हं" गेले. त्याच्या जागी "छान केलंय" आले, आणि त्यापाठोपाठ प्रत्येकाचे एक "पण". एका बाईंना हस्तिदंती रंग डागाळेल अशी भीती वाटली, त्यांना तपकिरी हवा होता. एका गृहस्थांनी मोबाइलवरचे होकायंत्र ओट्यावर ठेवून शेगडी आग्नेयेला आहे का ते तपासले. ती तीन-चार पावले दक्षिणेला सरकली होती, एवढ्यावरून त्यांनी दोन लाख कमी करायला सांगितले. (त्याच अंतरासाठी मी दोन हजारांत शेगडी सरकवून दिली असती.) एका तरुण जोडप्याला हॉब काचेचा आहे हे आवडले, पण मुलाच्या आईने विचारले, "ह्या काचेवर भाकरीचा तवा कसा ठेवायचा?" आणि तिचे म्हणणे बरोबर होते, लोखंडी जड तवा रोज दोन वेळा तापवायचा तर पितळी बर्नरची साधी स्टीलची शेगडी बरी. तेव्हा माझ्या लक्षात आले, की आम्ही जो खर्च आपल्या आवडीने केला होता, तो प्रत्येक नवा माणूस आपल्या आवडीने पुन्हा करणार होता, आणि तो खर्च तो मनातल्या मनात आमच्या किमतीतून वजा करत होता.

अमेरिकेत याचा हिशेब दरवर्षी मांडतात. 'रिमॉडेलिंग' या व्यावसायिक मासिकाने सुरू केलेल्या खर्च आणि पुनर्विक्री-मूल्याच्या तुलनेत २०२४ साली स्वयंपाकघराच्या मध्यम दर्जाच्या किरकोळ सुधारणेचा सुमारे ९६ टक्के खर्च घर विकताना वसूल होतो असे दिसले, तर आलिशान आणि मुळापासून केलेल्या नूतनीकरणाचा जेमतेम ३८ टक्के. तिथली घरे निराळी, तिथला बाजार निराळा. त्या आकड्यांवरून लातूर-परभणीतल्या घराचा भाव काढणे वेडेपणाचे ठरेल. पण एक गोष्ट तिथेही इथल्यासारखीच दिसते: दारे-मुठी बदलणे, ओटा पुन्हा करणे, एवढ्याचे पैसे परत येतात, महागड्या हौसेचे येत नाहीत.

आमच्या ओळीतल्या एका शेजाऱ्यांचे उदाहरण तर याहून वाईट आहे. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी मागची सगळी मोकळी जागा पत्रे आणि मग स्लॅब टाकून झाकली आणि स्वयंपाकघर दुप्पट मोठे केले. दिसायला ते आमच्याहून कितीतरी देखणे होते. विकायची वेळ आली तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन आला, त्याने फीत लावली आणि वाढीव भाग मूल्यांकनात धरलाच नाही. वर "मंजूर नकाशाशी विसंगत" असा शेरा मारला, म्हणून कर्जच अडले. सिडकोची बहुतेक घरे भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरणाची परवानगी घ्यावी लागे, तिथेही तोच भाग आडवा आला. शेवटी त्यांना तो स्लॅब पाडून द्यावा लागला. गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवरच्या वस्त्यांत तर याच्याही आधीचा पेच असतो: २००१ च्या कायद्याखाली भूखंड नियमित झाल्याचा कागद नसेल, तर बँका सहसा दारातूनच परत पाठवतात, मग आत स्वयंपाकघर संगमरवराचे असले तरी ते पाहायला व्हॅल्युअर येत नाही. स्वयंपाकघराला हात लावण्याआधी कागदांच्या पेटीला हात लावावा, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते आणि बहुतेक जण आधी टाइल्सच्या दुकानात जातात.

पावत्यांबद्दलही तेच. घर विकून होणाऱ्या भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा मिळतो; २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के कर महागाई निर्देशांकाविना किंवा वीस टक्के निर्देशांकासह, यांपैकी कमी भरेल तो पर्याय आमच्यासारख्या निवासी व्यक्तींना आहे. पण सुतार आणि प्लंबर यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब सनदी लेखापालाने बाजूला सारला, आणि उचलून नेता येणारी चिमणी घराची सुधारणा कशी ठरेल, असा प्रश्न विचारला. पक्की बिले होती ती फक्त ग्रॅनाइट, टाइल्स आणि पाइपांची.

पाचव्या कुटुंबातल्या त्या आजी लातूरच्या निघाल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा त्या लातुरातच राहत होत्या. तेव्हापासून त्या कुठल्याही घरात गेल्या की आधी नळ सोडतात, असे त्यांच्या सुनेने हसत सांगितले. आजी हसल्या नाहीत. "तीन मजली बंगल्यात कळशी घेऊन उभं राहिलेली माणसं बघितलीत आम्ही," त्या म्हणाल्या.

घासाघीस चार दिवस चालली. आम्ही ६८ सांगितले होते, त्यांनी ६३ पासून सुरुवात केली. आजींच्या मुलाने ट्रॉल्यांचा रंग बदलावा लागेल म्हणून पन्नास हजार काढले. सुनेने हॉबच्या जागी शेगडी बसवावी लागेल म्हणून आणखी काही. आजींनी एकदाच तोंड उघडले आणि ते मुलाविरुद्ध होते: "भित कोरडी हाय, दोन नळ हायेत, कोठीला जागा हाय. उगी ताणू नको." सौदा ६४ लाख ५० हजारांवर ठरला. आधीच्या देकारापेक्षा अडीच लाख जास्त, आणि ३ लाख ८५ हजारांच्या खर्चाचा हिशेब घातला तर १ लाख ३५ हजारांचे नुकसान. अर्थात ६२ लाखांचा तो देकार खरोखर टिकला असता का, आणि लोणा लागलेली भिंत व्हॅल्युअरने पाहिली असती तर त्याचे काय झाले असते, हे कुणी सांगू शकत नाही. चार महिने न विकलेले घर सहा आठवड्यांत विकले गेले, एवढे मात्र घडले. त्यातले साठ हजार वसूल झाले याबद्दल मला शंका नाही. उरलेल्या सव्वातीन लाखांबद्दल मुलगा एक सांगतो, मी दुसरे.

मला बोचते ते निराळेच. भिंतीत लोणा चढत होता तेव्हा सासूबाई त्याच भिंतीला पाठ टेकवून भाकरी थापत बसत आणि पावसाळ्यात पाठ आखडते अशी तक्रार करत. आम्ही त्यांना वाताचे तेल आणून देत होतो. विकायची वेळ आली नसती, तर ती भिंत आम्ही फोडली असती असे मला वाटत नाही.

इसार देताना घरात राहणाऱ्या वस्तूंची यादी करायची होती. पंखे, गीझर, चिमणी, हॉब, पाण्याची मोटर असे आजींचा मुलगा लिहीत गेला. आजी परसात गेल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "ही फरशी कुणाची?" मी म्हणाले, जुन्या ओट्याची, उचलून नेणार आहोत. वास्तविक नव्या फ्लॅटमध्ये तिला ठेवायला जागा नव्हती. त्यांनी तिच्या घासलेल्या कडेवरून तळहात फिरवला, मग माझ्याकडे पाहून विचारले, "खाली बसून थापायच्या का?"

"सासूबाई थापत असत," मी म्हणाले.

त्यांच्या मुलाने कागद संपवून टोपण लावले होते. आजींनी त्याला ते पुन्हा काढायला लावले. यादीच्या शेवटी, मोटरीच्या खाली, सतरावा आकडा घालून त्याने लिहिले: कडप्पाची जुनी फरशी, नग १.